केनवडला आलेली शार्डोने

लहानसहान खोटी मी मोजत नाही. आयुष्यभर मास्तरकी केली, तपासणीला आलेल्या साहेबांसमोर सगळे मास्तर बोलतात तेवढी मीही बोलले. पण एक खोटं असं आहे की त्याची मला अजून लाज वाटते, आणि त्याचा शेवट ज्या माणसांनी ज्या रीतीनं केला त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. ते खोटं मी केनवडला बोलले, दुष्काळ सरल्याच्या पुढच्या वर्षी. बोलताना माझ्या हातात अमेरिकेहून आलेलं पत्र होतं.

वऱ्हाडातल्या केनवडला मी गेले ती शाळेत इंग्रजीची बाई म्हणून. माहेर नाशिककडचं. आमच्या मळ्याला लागून दुसऱ्याचे द्राक्षांचे मांडव होते, आणि त्यातले घोस चोरून खाणं यापलीकडे माझा द्राक्षांशी काही संबंध नव्हता. पण केनवडात हे कळलं त्या दिवसापासून मी द्राक्षांतली जाणकार ठरले. गावानं एकदा ठरवलं की ठरवलं. नाही-नाही म्हणत बसण्यात अर्थ नसतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं.

राहायला एका जैन दुकानदाराच्या घरात खोली मिळाली. पुढे किराणा आणि धान्याचं दुकान, मागे घर, घरातल्याच एका खोलीत त्यांचं चैत्यालय, म्हणजे घरच्यापुरतं लहानसं जिनमंदिर, आणि अंगणापलीकडे माझी खोली. मी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. पहिल्याच दिवशी काकूंनी मला दारात उभं करून कायदा सांगितला.

"पानी गाळल्याबिगर प्याचं नाई. दिवस बुडाल्यावर माह्या घरात जेवन भेटत नाई. कांदा-बटाटा तुह्या खोलीत शिजवशीन तं शिजव, मले काई म्हननं नाई. पन माह्या चुलीपाशी आनू नको."

पंधरा दिवस मी ऐटीत कांदा शिजवला. सोळाव्या दिवशी काकूंच्या वरणाचा वास अंगण ओलांडून आला आणि माझी ऐट उतरली. तेव्हापासून मी त्यांच्याच पंक्तीला, सूर्य मावळायच्या आत. आजही उशिरा जेवले की मला रात्रभर जड होतं. काकूंनी लावलेली ती सवय नवऱ्याला, मुलांना, कुणालाच मोडता आली नाही.

काका अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. पण नाक असं की आसपासच्या गावांत त्याचा दरारा. शेतकरी धोतराच्या सोग्यात तुरीचा नमुना घेऊन यायचा. काका चार दाणे तळहातावर चोळत, फुंकर मारून फोल उडवत, हुंगत आणि एक दाणा दाताखाली फोडत. मग म्हणत, "हे तुह्या काळीतली नोय. बरडावरची आहे." बरड म्हणजे मुरमाड माळजमीन. शेतकरी हसून मान हलवायचा. शिरपूरच्या अंगाची तूर, जऊळक्याच्या अंगाची तूर, नाल्याकाठची, माळावरची. प्रत्येकीचा वास वेगळा, असं ते सांगत. मला सगळ्या तुरी सारख्याच वाटायच्या. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मले बी तुह्या इंग्रजीची सारी अक्षरं सारखीच दिसतात."

दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी आली होती, मिलो. काकांनी ती मूठभर घेऊन हुंगली होती आणि परत पोत्यात टाकली होती. ही गोष्ट ते मला अधूनमधून सांगत. "त्यानं लोकाइचं पोट भरलं, त्याचे उपकारच आहेत बाई. पन तिले वासच नोयता. कोन्या मातीतून आली, काई समजत नोयतं. ज्या देशाच्या दान्याले मातीचा वास नाई, तिथं माहा पोट्टा काय करून राह्यला असंन?"

कारण त्यांचा एकुलता एक मुलगा तिकडे होता. नागपूरला रसायनशास्त्र शिकला, शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. महिन्याला त्याचं मराठी पत्र यायचं, चार ओळींचं: मी खुशाल आहे, फळांच्या प्रयोगशाळेत काम करतो, थंडी आहे, आईनं पाय जपावेत. चार वर्षं तो आला नव्हता. दर वर्षी नवीन कारण. काकू ती पत्रं दोनदा वाचून घेत.

एके दिवशी दुपारी त्याच्याऐवजी इंग्रजी पत्र आलं, टाइप केलेलं. मी शाळेतून आल्या आल्या काकांनी ते माझ्या हातात दिलं. एका म्हाताऱ्या नवरा-बायकोनं लिहिलं होतं. तुमचा मुलगा आमच्या वाइनरीत काम करतो, आम्हाला मूल नाही, तो आम्हाला मुलासारखा आहे. आमच्या थंड मुलखात शार्डोने नावाचं फ्रान्सचं द्राक्ष लावलं तेव्हा शेजारी आम्हाला हसले. आज त्याच द्राक्षाची वाइन तो अशी घडवतोय की तेच शेजारी चाखायला येतात. असं नाक आम्ही पाहिलं नाही. ते त्याला कोणी दिलं, त्यांचे आभार मानायला हे पत्र.

वाइन म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं. आणि मद्य, मांस, मध या तिन्हींचा त्याग त्या घरात पोराला अक्षरओळखीच्या आधी शिकवतात, हेही कळत होतं. काकूंच्या फडताळात मधाची बाटलीसुद्धा नव्हती. त्या दारात उभ्या होत्या, हात पिठाचे, डोळे माझ्या तोंडाकडे.

"काय लिहलं बाई?" काकांनी विचारलं.

"द्राक्षाचा रस काढायचा कारखाना आहे," मी म्हटलं. "तिथे तुमचा मुलगा आहे. मालक फार खूश आहेत."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. काका पुढे झुकले. "रस? अन् तो बिघडत नाई?"

"थंड मुलूख आहे ना काका. बाटलीत भरून सीलबंद करतात."

नाशिकची बाई सांगते म्हटल्यावर शंका कशाची? आठ दिवसांत सगळ्या केनवडला कळलं की दुकानदाराचा पोट्टा अमेरिकेत द्राक्षाचा रस काढतो. काकू त्या दिवशी संध्याकाळी हसत होत्या, आणि मला वाटलं, मी पुण्य केलं.

पण मन खात होतं. पत्रावर पत्ता होता. मी मुलाला लिहिलं: मी तुमची भाडेकरू, मी असं असं सांगितलं आहे, रागवा किंवा माफ करा. महिन्याभरानं शाळेच्या पत्त्यावर उत्तर आलं. "तुम्ही सांगितलंत ते अर्धं खरं आहे," त्यानं लिहिलं होतं. "रस आम्ही काढतोच. पुढचं चार वर्षांत मलाही सांगता आलं नाही." पुढच्या सहा-सात महिन्यांत आणखी तीन पत्रं आली. वाचणाऱ्याच्या मनात आता जे आलं असेल तसं काही नव्हतं. माझं लग्न तेव्हा ठरलेलं होतं आणि त्याला माझं वय, रूप, काहीच ठाऊक नव्हतं. त्याला फक्त कोणाला तरी मराठीत आपलं काम सांगायचं होतं. आणि मला ते ऐकायला आवडत होतं, कारण अकोल्यापलीकडचं जग मला त्या पत्रांनीच दाखवलं.

अमेरिका हा एक मुलूख नाही, असं त्यानं लिहिलं होतं. पश्चिमेला कॅलिफोर्नियाच्या आतल्या सपाट खोऱ्यात ऊन एवढं की शार्डोने भराभर पिकते, साखर चढते आणि आंबटपणा पार जातो. तिथली वाइन जाडसर, तिला पिकल्या केळ्याचा, अननसाचा वास. त्याच राज्यात समुद्राच्या बाजूला गेलं तर अर्धी सकाळ धुकं हलत नाही, आणि तेच द्राक्ष लिंबाकडे झुकतं. त्याच्या वर ऑरेगॉनात काही हौशी लोकांनी नुकतेच वेल लावलेत. ऐन तोडणीच्या वेळी पाऊस येतो आणि ते आभाळाकडे बघत जीव मुठीत धरून बसतात. वॉशिंग्टन राज्यात डोंगराच्या पलीकडे नुसतं कोरडं रान, पाणी द्याल तर वेल जगेल, दिवसा भाजतं आणि रात्री गारठतं. आणि तो स्वतः होता पूर्वेला, न्यूयॉर्क राज्यातल्या लांबट, खोल तळ्यांच्या काठी. तळं एवढं खोल की हिवाळ्यातही गोठत नाही, आणि त्याच्या उबेवर उतारावरचे वेल तग धरतात. तरीही बर्फ पडायच्या आधी प्रत्येक वेलाच्या बुंध्याशी माती ओढून ठेवायची आणि थंडी सरली की पुन्हा बाजूला करायची. तिथले जुने लोक तिथलीच जाड सालीची, उग्र वासाची द्राक्षं लावत आलेले. म्हाताऱ्यानं शार्डोने लावली तेव्हा त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. "पण थंडीत सावकाश पिकलेल्या द्राक्षात आंबटपणा जिवंत राहतो," त्यानं लिहिलं होतं. "बाबांनी एकदा वास घेतला तर ते डोळे मिटून सांगतील की हे माळावरचं आहे."

ही पत्रं मी ट्रंकेत तळाशी ठेवत होते. काका अंगणापलीकडे तुरीचे दाणे चोळत बसलेले, आणि त्यांना ज्यातलं सगळ्यात जास्त कळलं असतं ते माझ्या ट्रंकेत. याचा विचार करायला मला फुरसत झाली नाही, कारण विचार केला असता तर सांगावं लागलं असतं.

मग भाद्रपदातले ते दिवस आले. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं. काकू एक वेळ जेवत होत्या, काका दुकान निम्मा दिवस बंद ठेवत होते. मी शाळेतून आले तर ओट्यावर लाकडाचा भुसा सांडलेला आणि काकांचा चेहरा असा उजळलेला की मी आधी विचारलंच नाही काय झालं म्हणून. अमेरिकेत नोकरीला असलेला अकोल्याचा कोणी इंजिनियर सुट्टीवर आला होता, त्याच्याबरोबर मालकानं खोका पाठवला होता, आणि अकोल्याहून तो एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती केनवडला पोचला होता. त्या काळी निम्म्या वऱ्हाडाचं टपाल ड्रायव्हरच्या पायांशी ठेवूनच फिरत असे.

"बाई, हे पाह्य," काका म्हणाले आणि मला चैत्यालयाच्या बाहेरच्या कोनाड्यापाशी घेऊन गेले. पूजेचं साहित्य ठेवायचा तो कोनाडा. तिथं धुतल्या कापडावर एक बाटली उभी होती. आत फिकट पिवळं काहीतरी, वर तळ्याचं चित्र. शार्डोने. बरोबर मालकाची चिठ्ठी होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली: ही पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्या मुलानं एकट्यानं केलेली पहिली वाइन. त्याला न सांगता पाठवत आहोत.

"त्याच्या हातची पहिली आहे, असं लिहिलंय," मी कशीबशी म्हटलं. निदान तेवढं खरं होतं.

"मले वाटलंच," काका म्हणाले. "सीलबंद आहे, कोनाचा हात लागला नाई. परवा चतुर्दशी. आपन अभिषेकाले घेऊ. मानसानं मंग. पह्यले देवाले."

त्यांच्या घरी चतुर्दशीला मूर्तीवर पंचामृताचा अभिषेक होत असे. दूध, दही, तूप, उसाचा रस, आणि मिळाला तर फळाचा रस. काकूंनी गाळायला नवं कोरं फडकं काढून ठेवलं होतं. माझी पाचावर धारण बसली. नाशिकच्या बाईवर विश्वास ठेवून ही माणसं जिनाच्या मूर्तीवर दारू ओतणार होती, आणि तीही दशलक्षणाच्या शेवटच्या दिवशी.

मी काय केलं ते सांगते. ते फार शोभणारं नाही. मी ठरवलं की बाटली फोडायची. हात निसटला म्हणायचं, रडायचं, सुटायचं. काका दुकानात गेले तशी मी कोनाड्यापाशी गेले आणि हात पुढे केला.

"हात धुतले काय?" मागून काकूंचा आवाज आला. "शाळेतून आली तशीच शिवू नको."

मी हात मागे घेतला. हात धुवायला गेले आणि मोरीपाशी उभं राहून मला समजलं की मी काय फोडायला निघाले होते. त्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पूर्ण केलेली ती एकच गोष्ट त्याच्या बापाच्या घरी आली होती.

जेवणं उरकली. ऊन अजून समोरच्या छपरावर होतं. काका ओट्यावर बसले होते, काकू खाली पायरीवर. मी समोर उभी राहिले, वर्गात उभं राहावं तशी, आणि म्हटलं, "काका, तो रस नाही. दारू आहे. द्राक्षाची दारू. तुमचा मुलगा तीच बनवतो. मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं."

 आधी काकू बोलल्या. "तं मंग मले काहून सांगतलं नाई?"

"तुम्हाला सोसलं नसतं, काकू."

"मले सांगतलं असतं तं मी का मरून गेली असती? चार वरस पोट्टा येऊन नाई राह्यला, ते सोसून राह्यली न मी!"

मला इतकं लख्ख कुणी कधी बोललं नव्हतं. कोणाला किती सोसेल हे परस्पर ठरवण्याचा मास्तरी रोग मला होता, तो त्या एका वाक्यानं निम्मा बरा झाला. उरलेला निम्मा अजून आहे.

मग काकांनी एकच विचारलं. "पेते का तो?"

मी ट्रंकेतून चारही पत्रं आणली. काका म्हणाले, "वाच. जसंच्या तसं. मधातलं काई सोडू नको."

मी वाचलं. कॅलिफोर्निया, धुकं, तळं, बुंध्याशी ओढलेली माती, सगळं. काकांनी मध्ये फक्त एकदा हात वर करून मला थांबवलं, आंबटपणाच्या वाक्यापाशी, आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. ऊन छपरावरून उतरत होतं. मग मी शेवटचं पत्र उघडलं.

"इथे प्रत्येक पिंपातलं चाखावं लागतं," त्यानं लिहिलं होतं. "तोंडात घ्यायचं, फिरवायचं, थुंकायचं, चूळ भरायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा. दोन वर्षं एक थेंब घशाखाली जाऊ दिला नाही. मग मी स्वतः केलेल्या शार्डोनेचं पिंप उघडलं, त्या दिवशी एक घोट गेला. नकळत गेला असं स्वतःला सांगतो, पण माझी खात्री नाही. सुट्टी मिळते, तिकीटही परवडतं. पण लहानपणी ज्यांच्या हाताला धरून नेम घेतला त्या बाबांसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू? तो नेम मोडून मी घरी यावं की नाही, हेच मला ठरवता येत नाही. आणि वेडेपणा असा की त्यांनाच एक विचारायचं आहे. या पहिल्या वाइनमध्ये काहीतरी चुकलंय. म्हाताऱ्याला जाणवत नाही आणि मला नेमकं सापडत नाही. बाबांनी एका क्षणात सांगितलं असतं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. चार वर्षांची सगळी कारणं त्या एका कारणाशी येऊन थांबली होती. आता तो येणार की नाही, हे ओट्यावर बसलेल्या त्या किरकोळ माणसाच्या हातात होतं, आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

ते बोलले, पण आमच्याशी नव्हे, रस्त्याकडे बघत. "एका चतुर्दशीले माहा निरंकार उपास होता. कोनी गुळाची भेली पारखाले आनली. सवयीनं खडा जिभेवर ठेवला. गिळला, मंग ध्यानात आलं. दुसऱ्या वर्साले बी तसंच झालं." काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "तुले बी सांगतलं नाई मी. कोनालेच नाई. पोट्ट्यानं तं कागदावर लिहून देलं."

मग ते उठले. "बाटली आन बाई. वास घेतो."

"आत नाई," काकू म्हणाल्या. "ओट्यावरच. अन् माहं भांडं देनार नाई. हिच्या कांद्याच्या खोलीतला गिलास आना."

माझा चहाचा काचेचा ग्लास आला. बूच कसं काढायचं ते आम्हाला तिघांनाही ठाऊक नव्हतं. काकांनी दुकानातला मोठा स्क्रू त्यात पिळला आणि पक्कडीनं ओढला. बूच निम्मं तुटलं, उरलेलं दुसऱ्या खेपेला आलं. त्यांनी ग्लासात दोन बोटं ओतलं, तुरीचा नमुना धरावा तसा ग्लास तळहातावर धरला आणि डोळे मिटले.

"कच्च्या फळाचा," ते म्हणाले. "आंबट. सफरचंद म्हन, नाई तं अर्धवट पिकलेलं बोर म्हन. लिंबाची साल." परत हुंगलं. "पानी मारलेल्या गोट्याचा. चांगल्या मातीतलं नाई हे, बरडावरचं आहे. थंडीत वाढलं. सावकाश पिकलं." चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत होतं, आणि मी ते कधीच विसरणार नाही. मिलो हुंगून ज्या देशाला त्यांनी बेचव ठरवलं होतं, त्या देशाची एक टेकडी त्यांना सापडली होती. त्यांनी तिसऱ्यांदा नाक ग्लासाशी नेलं आणि कपाळाला आठी पडली.

"लाकूड," ते म्हणाले.

"काय?"

"पिंपात ठेवलं न, तू वाचलं. नवं पिंप असंन. नव्या पेटीत धने ठेवले का पेटीचाच वास येते न, तसं. लाकूड वरचढ झालं, फळ दबलं. हेच चुकलं त्याचं."

मलाही वास घ्यायला दिला. मला नुसता आंबूस वास आला आणि शिंक. मग काकांनी ग्लास आणि बाटली दोन्ही घेतली, अंगणाच्या कडेच्या फरशीवर खाली वाकून मुंग्या नाहीत हे नीट पाहिलं आणि सगळं तिथं ओतलं. वरून दोन बादल्या पाणी टाकलं. आंघोळ करून ते चैत्यालयात गेले आणि दार लावून घेतलं. चतुर्दशीला अभिषेक झाला तो नेहमीसारखा, दूध, दही, तूप आणि उसाच्या रसाचा. काकूंनी मला हाक मारून नेहमीच्याच जागी बसवलं.

मला वाटलं होतं, खोली सोडायला सांगतील. मी पुस्तकं ट्रंकेत भरूनही ठेवली होती. कुणी काही म्हटलं नाही. पारण्याच्या दिवशी काकूंनी माझ्या पानात वरण वाढताना एवढंच म्हटलं, "आता तुह्या शाळेच्या पत्त्यावर पत्र मागवू नको. घरीच येऊ दे." आणि ती पत्रं घरी येऊ लागली, मी ती ओट्यावर वाचू लागले, जशीच्या तशी. पुढे आयुष्यात मला कितीदा कोणाला वाईट बातमी वाचून दाखवावी लागली: निकाल, बदल्या, एकदा माझ्या सख्ख्या भावाचा आजार. दर वेळी मधलं काही सोडावंसं वाटलं, आणि दर वेळी मी सोडलं नाही. हे मला बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. केनवडच्या त्या दोघांनी शिकवलं, आणि तेही न रागावता, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

पारण्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः निळं हवाई पत्र लिहिलं. सकाळपासून लिहीत होते, आणि पान अर्धंही भरलं नव्हतं. इंग्रजी पत्ता घालायला म्हणून त्यांनी ते माझ्याकडे दिलं.

"वाचू?" मी विचारलं.

"वाच न."

"चिरंजीवास आशीर्वाद," असं त्यात होतं. "तुझ्या मालकाने पाठवलेली बाटली पोचली. वास घेतला. फळ चांगले आहे, थंडीचे आहे, माळावरचे आहे. लाकडाचा वास वरचढ झाला आहे. पुढच्या वेळी नव्या पिंपात कमी दिवस ठेवावे, किंवा जुने पिंप घ्यावे. तुझ्या आईचे पाय दुखतात. सवड होईल तेव्हा येऊन जावे."

मी उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं. त्या घोटाविषयी, नेमाविषयी एक अक्षर नव्हतं.

"काका, त्यानं ते विचारलंय," मी म्हटलं. "नेमाचं. तो त्याचीच वाट बघत असेल. त्यावर काहीच लिहायचं नाही?"

काका नमुन्याची तूर पुन्हा पुडीत बांधत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"माल चुकला, ते लिहलं," ते म्हणाले. "मानूस चुकला असता तं तेई लिहलं असतं."

मी पत्ता लिहिला आणि पत्र चिकटवलं. तो पौषात आला.